‘हाय नून’चा बिल्ला: एका वेस्टर्नवरच्या सत्तर वर्षांच्या वादाचं प्रकरण

‘प्लेबॉय’ मासिकाच्या मे १९७१ च्या अंकात हॉलिवूडचा नट जॉन वेन याची लांबलचक मुलाखत छापून आली. बोलता बोलता विषय ‘हाय नून’वर गेला. आयुष्यात पाहिलेली सगळ्यात अमेरिकाविरोधी गोष्ट म्हणजे हा चित्रपट, असं वेनने सांगितलं. शेवटी काय होतं? तर म्हातारा कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली घेतो आणि तुडवतो. चित्रपटाचा लेखक कार्ल फोरमन याला देशाबाहेर घालवायला आपण हातभार लावला आणि त्याचा आपल्याला कधीही पश्चात्ताप होणार नाही, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं.

बिल्ला तुडवण्याचं दृश्य चित्रपटात नाही. गॅरी कूपरने केलेला विल केन, गावात कायदा राखणारा मार्शल, छातीवरचा पत्र्याचा तारा काढतो, जमलेल्या गावकऱ्यांवरून एकदा नजर फिरवतो आणि तारा खाली धुळीत पडू देतो. मग बायकोबरोबर घोडागाडीतून निघून जातो. पाय त्या ताऱ्याच्या जवळही जात नाही.

वेन खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला खरोखरच तसं आठवत असावं. मीही कित्येक वर्षं शपथेवर सांगितलं असतं की तारा टाकताना केन गावाला उद्देशून एक वाक्य बोलतो. कॉलेजात असताना पाहिलेला सिनेमा. ते वाक्य मला ऐकूही येत होतं. पुढे पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो अवाक्षर काढत नाही. वेनच्या मनाने केनच्या पायाला काम लावलं होतं, माझ्या मनाने तोंडाला.

१९५२ पासून आजपर्यंत या चित्रपटावर इतकी परस्परविरोधी मतं मांडली गेली आहेत की एखाद्याला वाटावं, ही माणसं वेगवेगळे चित्रपट पाहून आली आहेत. कोणाला तो कम्युनिस्टधार्जिणा वाटला, कोणाला एकट्या शूर पुरुषाचा गौरव. कोणाला वेस्टर्नमधला, म्हणजे घोडे-बंदुकांच्या अमेरिकी चित्रपटांमधला, मानबिंदू वाटला, कोणाला वेस्टर्नच्या वेशातलं नागरिकशास्त्राचं पुस्तक. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की इथे प्रत्येक मताचा माग काढता येतो. ‘हाय नून’बद्दल बोलणारा माणूस आधी त्या गावात आपली जागा पकडतो आणि मग तिथून चित्रपटाकडे बघतो.

रविवारची सकाळ, साडेदहाच्या सुमारास

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव. मार्शल विल केनचं नुकतंच लग्न लागलंय. बायको एमी (ग्रेस केली) क्वेकर पंथाची, शस्त्राला हात न लावणारी. केन नोकरी सोडून तिच्याबरोबर दुसऱ्या गावी दुकान टाकायला निघालाय, नवा मार्शल उद्या येणार आहे. तेवढ्यात तार येते: पाच वर्षांपूर्वी केनने पकडून दिलेला फ्रँक मिलर माफी मिळून सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. त्याचा भाऊ आणि दोन साथीदार स्टेशनवर त्याची वाट बघत बसलेत. गावकरी केनला गाडीत बसवून पिटाळतात. थोडं अंतर गेल्यावर तो घोडे वळवतो. आयुष्यात कधी पळालो नाही, आणि पळालो तरी ते चौघे माळरानावर आपल्याला गाठतीलच, असा त्याचा हिशेब.

यानंतर चित्रपटात हाणामारी फार थोडी आहे. उरलेला वेळ केन दारोदार फिरतो. पंच्याऐंशी मिनिटांचा चित्रपट, आणि गोष्टीतला वेळही ढोबळमानाने तेवढाच. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसतात, पेंडुलम हलतात, स्टेशनवरून लांब जाणारे रूळ दिसतात.

जज मेट्रिक आधी निघतो. मिलरला शिक्षा सुनावणारा हाच. तो भिंतीवरचा अमेरिकेचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू आणि कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत भरतो आणि भरता भरता केनला प्राचीन अथेन्सची गोष्ट सांगतो: हाकलून दिलेला जुलमी राजा सैन्य घेऊन परत आला तेव्हा लोकांनीच वेशीचे दरवाजे उघडले होते. डेप्युटी हार्वे पेलला केनची जागा हवी होती. ती मिळत नाही म्हणून तो ऐन वेळी बिल्ला काढून ठेवतो. सॅम फुलर हा मित्र घरात लपतो आणि बायकोला दारात पाठवतो, ‘ते घरी नाहीत’ म्हणून सांगायला. ती हे सांगते तेव्हाचा तिचा चेहरा बघवत नाही. हॉटेलचा कारकून तर उघडच सांगतो की मिलर होता तेव्हा इथे धंदा बरा चालायचा. न्हावी मागच्या कारागिराला विचारतो, शवपेट्या किती तयार आहेत? दोन? अजून दोन तरी लागतील.

मदतीला स्वतःहून येतात ते एक चौदा वर्षांचा पोरगा आणि एक डोळा गेलेला दारुडा. दोघांनाही केन समजावून परत पाठवतो. एक हर्ब बेकर नावाचा गृहस्थ सुरुवातीला उत्साहाने येतो. बाकी कोणीच आलेलं नाही हे कळल्यावर त्याला बायकामुलं आठवतात.

आणि मग चर्च. मला विचाराल तर सगळा चित्रपट या एका दृश्यात आहे. केन भरल्या प्रार्थनेत आत येतो आणि माणसं मागतो. काही जण लगेच उठतात. तेवढ्यात एक जण म्हणतो, थांबा, आधी बोलून घेऊ. मुलांना बाहेर पाठवलं जातं आणि रीतसर सभा सुरू होते. आम्ही कर भरतो तो कशासाठी, असा एकाचा मुद्दा. मिलरला वरच्या लोकांनी सोडलं, आमचा काय संबंध, असा दुसऱ्याचा. एक बाई उठून पुरुषांना खडसावते. पाद्री म्हणतो की माणसांना मारायला आणि मरायला जा असं मी सांगू शकत नाही. शेवटी केनचा जुना मित्र जोनस हेंडरसन उठतो आणि केनची तोंड भरून स्तुती करतो. याच्यासारखा मार्शल गावाला लाभला नाही, पुढे लाभणार नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा माणसं उभी करणार. आणि त्याच सुरात, त्याच आपुलकीने तो पुढे बोलतो: उत्तरेकडचे लोक आपल्या गावात पैसा गुंतवायच्या विचारात आहेत, रस्त्यावर गोळीबार झाल्याचं त्यांनी वाचलं तर काय वाटेल त्यांना? तेव्हा विल, तू नसशील तर काही होणारच नाही. तू जावंस हेच बरं.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक निवृत्त काका एका ठेक्यातल्या गैरव्यवहाराविरुद्ध उभे राहिले होते. जवळजवळ प्रत्येकाने त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारलं, ‘पण काका, तुम्ही कशाला वाईटपणा घेता?’ हेंडरसनचं भाषण ऐकताना मला दर वेळी ते काका दिसतात. स्तुतीचा उपयोग माणसाला एकटं पाडायला कसा करतात, हे मी सिनेमात इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लेखकाच्या घरी काय चाललं होतं

कथेचं मूळ जॉन डब्ल्यू. कनिंगहॅम यांची ‘कोलियर्स’ साप्ताहिकात १९४७ साली आलेली ‘द टिन स्टार’ ही लघुकथा. पटकथा कार्ल फोरमनची, दिग्दर्शन फ्रेड झिनेमन यांचं, निर्मिती स्टॅन्ली क्रेमरच्या कंपनीची. पैसे कमी, रंग नाही, चित्रीकरण १९५१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकलेलं.

त्याच सप्टेंबरात फोरमनला समन्स होतं. अमेरिकी संसदेची एक समिती ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची चौकशी करत होती. तिच्यासमोर उभं राहून स्वतःच्या कम्युनिस्ट भूतकाळाची कबुली द्यायची आणि वर सोबत्यांची नावं सांगायची, अशी पद्धत होती. नावं दिली तर काम चालू, नाही दिली तर काळ्या यादीत. १९४७ साली उत्तरं द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांना पुढे तुरुंगवास भोगावा लागला होता. फोरमन पूर्वी पक्षात होता आणि बऱ्याच आधी बाहेर पडला होता. चित्रीकरण चालू असतानाच, २४ सप्टेंबर १९५१ रोजी, तो समितीसमोर गेला. आता मी सदस्य नाही असं त्याने सांगितलं. पूर्वीचं सांगायला आणि दुसऱ्यांची नावं घ्यायला त्याने नकार दिला.

क्रेमर आणि कंपनीतले भागीदार त्याच्यापासून दूर झाले. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की बाजूने निघून जाऊ लागली. फोरमनने पुढे सांगितलं आहे की पटकथा लिहिता लिहिता ती आपल्याच आयुष्याची गोष्ट होत गेली आणि त्या दिवसांत ऐकलेलं बोलणं पात्रांच्या तोंडी आलं. चर्चमधली सभा इतकी खरी का वाटते, याचं उत्तर मला तिथे सापडतं.

इथे गॅरी कूपरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो या प्रकरणातला सगळ्यात अनपेक्षित माणूस आहे. कूपर उजव्या विचारांचा. १९४७ साली तो याच समितीसमोर स्वखुशीने साक्ष द्यायला गेला होता. वेन ज्या कम्युनिस्टविरोधी संघटनेचा अध्यक्ष होता, तिच्या पहिल्या मंडळींत कूपरही होता. फोरमनवर गंडांतर आलं तेव्हा मात्र तो फोरमनच्या बाजूने राहिला, त्याच्या नव्या कंपनीत पैसे घालायलाही तयार झाला. मग चहूबाजूंनी दबाव आला आणि त्याला माघार घ्यावी लागली. फोरमनने त्याबद्दल त्याला कधी दोष दिला नाही. मोठ्या नटांपैकी तो एकटाच माझ्यासाठी काही करायला गेला, असंच त्याने म्हटलं. म्हणजे कूपर थोडासा हर्ब बेकरसारखाही वागला आणि थोडासा केनसारखाही.

पडद्यावरच्या कूपरकडे बघा. पन्नाशीचा, पोटात अल्सर, कंबरदुखी. कॅमेरामन फ्लॉईड क्रॉस्बीने त्याचा चेहरा गोंडस करायचा प्रयत्नच केला नाही. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातले मॅथ्यू ब्रेडीचे फोटो झिनेमन आणि क्रॉस्बी यांच्या डोळ्यांसमोर होते: पांढरंफटक आकाश, कोरडा प्रकाश, चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ स्पष्ट. वेस्टर्नमध्ये ढगांनी भरलेलं भव्य आकाश बघायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला हे गाव उन्हात वाळत घातल्यासारखं वाटतं.

१९५२: टाळ्या आणि एक हुकलेलं बक्षीस

समीक्षकांचं पहिलं मत भरभरून होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरने लिहिलं की दर पाचेक वर्षांनी कोणीतरी प्रतिभावान माणूस वेस्टर्नमधली घासून गुळगुळीत झालेली सामग्री उचलतो आणि तिच्यातून खरी कलाकृती घडवतो, हा तसा चित्रपट. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने वर्षातला सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम दिग्दर्शक ही दोन्ही बक्षिसं दिली. पटकथाकारांच्या संघटनेने फोरमनचा गौरव केला. तो तोवर इंग्लंडला निघून गेला होता.

सामान्य प्रेक्षकाला चित्रपट आवडला त्यात गाण्याचा वाटा मोठा. दिमित्री टिओम्किनची चाल, नेड वॉशिंग्टनचे शब्द आणि टेक्स रिटरचा जाडाभरडा आवाज: लग्नाच्याच दिवशी मला सोडून जाऊ नकोस, अशी विनवणी. आपल्याकडे शीर्षकगीत चित्रपटभर वेगवेगळ्या रूपांत वाजत राहतं, तसंच हे गाणं केनच्या पावलांबरोबर चालतं. फ्रँकी लेनने गायलेली त्याची तबकडी तुफान खपली.

ऑस्करला सात नामांकनं आणि चार बक्षिसं: कूपर, संकलन, पार्श्वसंगीत आणि गाणं. संकलनाचं बक्षीस का मिळालं ते बाराच्या ठोक्याआधीचा तुकडा बघितला की कळतं. मिलरला शिक्षा सुनावली तेव्हा तो ज्या खुर्चीत बसला होता ती रिकामी खुर्ची, चर्चमधले लोक, गुत्त्यातले लोक, केनची एके काळची मैत्रीण हेलन, एमी, रूळ, घड्याळ, आणि मृत्युपत्र लिहिणारा केन. संगीताच्या ठेक्यावर एकेक चेहरा येतो आणि जातो. मग गाडीची शिटी. ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं ते सगळे त्या तुकड्यात एकदा आपल्याला दिसतात.

सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मात्र सेसिल बी. डिमिलच्या सर्कशीवरच्या ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ला गेलं. यामागे राजकारण होतं असं आजही अनेक जण मानतात. सर्कशीचा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला होता, हेही तितकंच खरं.

१९ मार्च १९५३ ला टीव्हीवरून पहिल्यांदाच दाखवलेल्या त्या समारंभात कूपर हजर नव्हता. त्याच्या वतीने बक्षीस घ्यायला मंचावर आला तो जॉन वेन. त्याने कूपरची मनापासून तारीफ केली आणि गमतीने म्हणाला, आता जाऊन माझ्या मॅनेजरला विचारतो की ‘हाय नून’ माझ्याऐवजी याला कसा मिळाला. अठरा वर्षांनंतर हाच माणूस त्याच चित्रपटाला सगळ्यात अमेरिकाविरोधी म्हणाला.

ज्यांना तो आवडला नाही, त्यांचं म्हणणं

विरोधकांना उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही, कारण त्यांच्यात फार हुशार माणसं होती.

समीक्षक रॉबर्ट वॉरशो हे त्यांतले सगळ्यात तीक्ष्ण. १९५४ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’त त्यांनी वेस्टर्नच्या नायकावर निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. त्यांच्या मते वेस्टर्नचा नायक लढतो तो स्वतःच्या प्रतिमेसाठी, स्वतःच्या इभ्रतीसाठी. आणि ‘हाय नून’ मधेच ते सोडून गावातल्या माणसांचा पंचनामा करत बसतो. सगळं गाव भ्याड आणि एकटा नायक थोर, यात त्यांना सामान्य माणसाबद्दलचा सवंग तिरस्कार दिसला. शिवाय अशाने नायक मोठा होत नाही, झिडकारलेला एक सज्जन एवढाच उरतो. शेवटी तो करुण वाटतो, शोकांतिकेतला वाटत नाही.

फ्रान्समध्ये समीक्षक आंद्रे बाझाँने दुसरा मुद्दा काढला. युद्धानंतर काही वेस्टर्न नुसते वेस्टर्न असायला लाजू लागले. त्यांना समाजशास्त्र, नीती, राजकारण असलं काहीतरी वरून चिकटवून आपली उंची वाढवायची होती. अशा चित्रपटांना त्याने ‘सुपरवेस्टर्न’ म्हटलं आणि त्यांत ‘हाय नून’ला बसवलं. पुढे १९६८ साली अमेरिकेत अँड्र्यू सॅरिसने दिग्दर्शकांची जी प्रसिद्ध प्रतवारी केली, तिच्यात झिनेमन ‘दिसतात तेवढे नाहीत’ या गटात जाऊन पडले. त्यानंतर चित्रपटवेड्या तरुणांत फोर्ड आणि हॉक्स थोर, झिनेमन नुसते नीटनेटके, असा समज पक्का झाला. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र चित्रपटाची जागा हलली नाही.

बाझाँचा आक्षेप मला अर्धा पटतो. न्यायाचा तराजू पिशवीत भरणारा जज हे जरा जास्तच ठळक आहे. म्हातारा मार्शल मार्टिन हाऊ (लॉन चेनी ज्युनियर) हेच किती साधेपणाने करतो. संधिवाताने वाकडे झालेले हात दाखवत तो म्हणतो की हे सगळं पत्र्याच्या एका ताऱ्यासाठी. तिथे काही चिकटवलेलं वाटत नाही.

वॉरशोंचा आक्षेप मात्र मला पटत नाही. त्या गावाला चित्रपट सरसकट भ्याड ठरवतच नाही. चर्चमध्ये माणसं आधी उठतात. सभा त्यांना खाली बसवते. हॉटेलच्या कारकुनाला धंदा हवाय, हार्वेला बढती, जजला जीव, हेंडरसनला गुंतवणूक, बेकरला बायकामुलं. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि त्यांतलं एखादं तरी आपल्याला सहज पटतं. तिरस्कार असता तर पाद्र्याला इतकं प्रामाणिक गोंधळलेलं दाखवलं नसतं.

हॉक्सचं उत्तर

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा आक्षेप सगळ्यात रोखठोक. चांगला शेरीफ मुंडकं उडवलेल्या कोंबडीसारखा गावभर मदत मागत पळणार नाही, आणि शेवटी त्याला वाचवणार कोण, तर त्याची क्वेकर बायको! वेनलाही हेच खुपत होतं. दोघांनी मिळून १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ केला तो याच्या उत्तरादाखल. त्यात वेन शेरीफ आहे आणि कोणी मदत देऊ केली तरी हौशी माणसं मला नकोत म्हणून नाकारतो.

मी ‘रिओ ब्राव्हो’चा चाहता आहे. तो ऐसपैस आहे, माणसांच्या सहवासाची ऊब त्यात आहे. पण एकदा वही घेऊन बसा आणि टिपून ठेवा, शेरीफ कोणकोणत्या प्रसंगात कोणामुळे वाचला. एकदा दारू सोडू पाहणाऱ्या डेप्युटीमुळे, एकदा कोवळ्या पोरामुळे आणि खिडकीतून कुंडी फेकणाऱ्या बाईमुळे, एकदा लंगड्या म्हाताऱ्यामुळे. त्याला पावलोपावली मदत लागते. फरक एवढाच की ती न मागता येते.

म्हणजे दोन्ही चित्रपटांना हे मान्य आहे की एकट्याने भागत नाही. वाद आहे तो मागण्याचा. हॉक्सला मागणारा पुरुष कमीपणाचा वाटला. मला वाटतं, घाम पुसत, आवाज शांत ठेवत, सातव्या दारावर तोच प्रश्न विचारण्यात जी हिंमत लागते ती बंदूक उपसण्यापेक्षा जास्त आहे. केन घाबरलेला आहे आणि ते लपवत नाही. शेवटी कॅमेरा उंच उंच जातो, रिकाम्या रस्त्यात तो एवढासा होतो, क्षणभर इकडे-तिकडे बघतो, घाम टिपतो आणि चालायला लागतो. तो पाय उचलतो त्याआधीची ती क्षणभराची थबक वेनच्या नायकांना सहसा परवडत नाही.

वाचवणारी बाई

हॉक्स ज्यावर इतका चिडला ते म्हणजे एमीचं मागून झाडलेलं पिस्तूल. तिचे वडील आणि भाऊ गोळीबारात गेलेले. ते न्यायाच्या बाजूने होते, पण गोळ्या सुटल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. एकोणीस वर्षांच्या भावाला तिने डोळ्यांसमोर मरताना पाहिलं आणि म्हणून ती क्वेकर झाली. तिचा अहिंसेचा आग्रह बालिश नाही, अनुभवातून आलेला आहे. म्हणून ती गाडीतून उतरून धावत परत येते आणि खिडकीतून गोळी घालते, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत नाही. गोळी घातल्यावर ती जे तोंड फिरवते, त्यात तिने काय गमावलं ते दिसतं.

तिला इथवर आणण्यात हेलन रामिरेझचा हात आहे. केटी हुराडो ही मेक्सिकन अभिनेत्री त्या भूमिकेत आहे आणि तिला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. हेलन आधी मिलरची होती, मग केनची, आता हार्वेशी संबंध. गावात धंदा तिच्या मालकीचा, पण मेक्सिकन बाई म्हणून प्रतिष्ठा नाही. या गावाला ती सगळ्यांत आधी ओळखते: दुकान विकते, पैसे घेते आणि निघते. एमीला ती विचारते, तू अशी कशी सोडून जातेस त्याला? माझा माणूस असता तर मी बंदूक घेतली असती. १९५२ मध्ये फार कमी परीक्षणांनी हेलनकडे नीट पाहिलं. आज मी तरुण मुलामुलींना हा चित्रपट दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक तिच्याबद्दलच येतो.

राष्ट्राध्यक्ष आणि पोलंडची भिंत

‘अमेरिकाविरोधी’ ठरवलेला हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा लाडका निघाला. रिपब्लिकन आयझेनहॉवर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये मागवून पाहिला, डेमोक्रॅट क्लिंटन यांनी तर तिथे असताना सतरा वेळा पाहिल्याचं सांगतात. सत्तेच्या खुर्चीतल्या माणसाला त्यात ‘मी एकटा आणि बाकी सगळे कचखाऊ’ हे दिसणं स्वाभाविक आहे. झिनेमन स्वतः म्हणत की ही राजकारणाची गोष्ट नाही, एका माणसाच्या सदसद्विवेकाची आहे. त्यांचे आईवडील नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात गेले. खिडक्या लावून घेणारं गाव त्यांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिलं असेल, याचा विचार मी करतो.

पण मला सगळ्यात हलवून टाकणारं मत शब्दांत नाही, एका पोस्टरवर आहे. ४ जून १९८९ ला पोलंडमध्ये निवडणूक होती, कम्युनिस्ट राजवटीत पहिल्यांदाच अंशतः मोकळी. टोमाश सार्नेत्स्की नावाच्या कलाविद्यार्थ्याने ‘हाय नून’मधला चालत येणारा कूपर घेतला. पाठीमागे राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचं लाल अक्षरांचं चिन्ह, छातीवर ताऱ्याच्या वर त्याच संघटनेचा बिल्ला, आणि उजव्या हातात मतपत्रिका. खाली लिहिलं होतं: ऐन बारा वाजता, ४ जून १९८९. पोस्टर भिंतींवर लागलं. मतदान झालं तेव्हा सॉलिडॅरिटीने लढवता येण्यासारख्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या.

कम्युनिस्टधार्जिणा म्हणून ज्याच्या लेखकाला अमेरिकेतून जावं लागलं, त्याच चित्रपटाचा नायक कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मतं मागत भिंतीवर उभा राहिला. सार्नेत्स्कीने त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. मला वाटतं, वॉरशो आणि हॉक्स यांच्यापेक्षा त्या विद्यार्थ्याने चित्रपट जास्त बारकाईने पाहिला होता. केन दिवसभर मत मागतच फिरत होता. चर्चमध्ये त्याला बहुमत मिळालं नाही. पोस्टरवर तो तीच मागणी घेऊन दुसऱ्या गावात आला आणि या वेळी लोक घराबाहेर पडले.

फोरमनला हे बघायला मिळालं नाही. इंग्लंडमध्ये राहून त्याने ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेवर काम केलं. तिचं ऑस्कर मूळ कादंबरीकाराच्या नावावर दिलं गेलं, कारण काळ्या यादीतलं नाव पडद्यावर घालायची सोय नव्हती. ती चूक अकादमीने दुरुस्त केली तेव्हा फोरमन वारला होता, १९८४ साली.

‘हाय नून’ १९८९ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीच्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत गेला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ साली वेस्टर्नची क्रमवारी लावली, तिच्यात तो दुसरा आला. पहिला आला वेनचा ‘द सर्चर्स’.

पुन्हा शेवटचं दृश्य

अलीकडे हा चित्रपट दाखवायच्या आधी मी वेनचं ते वाक्य वाचून दाखवतो आणि मुलांना सांगतो, शेवटी पायाकडे लक्ष ठेवा. गेल्या वेळी एका मुलीने चित्रपट संपल्यावर वेगळंच विचारलं. तिने पायाकडे पाहिलंच नव्हतं. गोळीबार संपताच सगळं गाव इतक्या पटकन बाहेर आलं म्हणजे ते सगळे दाराच्या मागेच उभे होते ना, असं तिचं म्हणणं.

आम्ही दृश्य मागे घेतलं. शेवटचा माणूस पडतो, एमी केनच्या मिठीत येते, आणि रिकाम्या रस्त्यावर चहूकडून माणसं जमू लागतात. कोणी काही बोलत नाही. तो चौदा वर्षांचा पोरगा घोडागाडी घेऊन येतो. हेंडरसन गर्दीत आहे. केन त्यांच्याकडे बघतो, छातीशी हात नेतो, आणि तारा धुळीत पडतो. कोणीही तो उचलायला पुढे होत नाही.